ओल्ड हार्बरची चार मुले

बोस्टन हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक जुने बंदर. या शहराचा साउथ बोस्टन नावाचा भाग समुद्रात पुढे घुसलेला असून त्याच्या बऱ्याचशा बाजूंनी पाणी आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये सलग काही वर्षे बटाट्याचे पीक कुजले. लाखो माणसे उपासमारीने आणि रोगराईने दगावली. जी जगली त्यांतील पुष्कळांनी जहाजाच्या तळात दाटीवाटीने बसून हे बंदर गाठले. शहरातील जुन्या, सधन प्रॉटेस्टंट घराण्यांना हे दरिद्री कॅथलिक पाहुणे नकोसे होते. त्यांच्या वाट्याला कामे आली ती गोदीतली, रेल्वेच्या यार्डातली आणि घरकामाची. अशा वेळी त्यांना आधार होता तो आपल्या धर्मग्रामाचा. सेंट ऑगस्टीन, गेट ऑफ हेवन, सेंट ब्रिजिड, सेंट मोनिका अशी चर्चेस त्या चिंचोळ्या भूभागात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली. चर्चला लागून शाळा, शाळेला लागून धर्मभगिनींचा मठ, आणि भोवती आयरिश नावांची घरे. आपल्या वसईच्या वाचकांना हे चित्र काही अगदीच परके वाटणार नाही.

१९३८ साली याच भागात सरकारने ‘ओल्ड हार्बर व्हिलेज’ ही वसाहत बांधली. मंदीचे दिवस होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शासनाने गरिबांसाठी घरे बांधण्याचे काम हाती घेतले होते आणि न्यू इंग्लंड प्रांतातील अशा प्रकारची ही पहिलीच वसाहत होती. विटांच्या तीन मजली इमारती, मधे अंगणे, आणि हजाराच्या आसपास बिऱ्हाडे. घरात गरम पाणी आणि न्हाणीघर असणे ही त्या कुटुंबांना चैनच होती. वसाहतीसमोर सेंट मोनिका चर्च आणि थोडे पुढे गेले की समुद्र. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. ही घरे त्या काळी व्यवहारात केवळ गोऱ्यांसाठीच होती.

या वसाहतीत वाढलेल्या चार मुलांची ही हकीकत आहे. चौघे एका बाकावर बसणारे सवंगडी नव्हते. थोरल्यात आणि धाकट्यात तेरा वर्षांचे अंतर होते. परंतु गरीब वस्तीत मैत्री वयाच्या हिशेबाने होत नसते. थोरला मुलगा धाकट्याला मारातून सोडवतो, धाकटा थोरल्याचे निरोप पोहोचवतो, आणि पुढे साठ वर्षांनीही दोघे एकमेकांची ओळख ‘आमच्या वस्तीतला’ एवढ्याच शब्दांत करून देतात.

सर्वांत थोरला जो मोकली. जन्म १९२७ चा. वडील आयरिश वंशाचे, आई इटालियन वंशाची. दुसरा जेम्स बल्जर, जन्म १९२९. केस इतके फिकट की पोलीस त्याला ‘व्हायटी’ म्हणजे पांढऱ्या म्हणू लागले आणि तेच नाव चिकटले. तिसरा त्याचा सख्खा भाऊ विल्यम, जन्म १९३४. त्याला सारे बिल म्हणत. बल्जर बंधूंच्या वडिलांचा एक हात तरुणपणीच रेल्वेच्या अपघातात गेला होता. एका हाताच्या मजुराला मंदीच्या काळात काम कोण देणार? सहा मुलांचे ते कुटुंब ओल्ड हार्बरमध्ये आले ते वसाहत उघडली त्याच वर्षी. चौथा जॉन कॉनोली, जन्म १९४०. त्याचे वडील आयर्लंडमधून आलेले, जिलेटच्या ब्लेडच्या कारखान्यातले कामगार.

घरे तीच, चर्च तेच, शिकवण तीच. आणि या शिकवणीत प्रवचनपीठावरून न सांगितलेली, पण दहा आज्ञांइतकीच घट्ट पाळली जाणारी एक अकरावी आज्ञा होती: आपल्या माणसाविरुद्ध तोंड उघडायचे नाही. साउथ बोस्टनमध्ये ‘खबऱ्या’ ही शिवी सर्वांत वाईट. तिचे मूळ आयर्लंडच्या इतिहासात आहे. इंग्रजांच्या राजवटीत तिथले कितीतरी उठाव फितुरांनी दिलेल्या खबरांमुळे फसले, आणि फितुराचे नाव पिढ्यान्‌पिढ्या थुंकून घेतले गेले. पारतंत्र्यात ही आज्ञा सद्गुणच होती. राज्यच जेव्हा अन्यायी असते तेव्हा मौन हे दुबळ्याचे शस्त्र असते. लोकांनी देश बदलला, राज्य बदलले. शस्त्र मात्र तसेच बरोबर आणले. आपल्याकडेही वाडीतले भांडण वाडीतच मिटवावे, घरातले उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये, असे जुनी माणसे सांगतात. त्यात शहाणपण आहे. किती आहे आणि कुठवर आहे, हे पाहण्यासाठी या चौघांच्या मागे थोडे चालावे लागेल.

कॉनोली पुढे आयुष्यभर एक आठवण सांगत असे. साल १९४८. तो आठ वर्षांचा. कोपऱ्यावरच्या दुकानात एकोणीस वर्षांचा व्हायटी शिरला आणि त्याने तिथे रेंगाळणाऱ्या पोरांना आईस्क्रीम देऊ केले. जॉनला घरून ताकीद होती की अनोळखी माणसाकडून काही घ्यायचे नाही. तो मागे सरकला. तेव्हा व्हायटीने त्याला समजावले की तुझे आईबाप आयर्लंडचे आणि माझेही तिकडचेच, मग मी परका कसा? मुलाने व्हॅनिला मागितले. पुढे एकदा याच व्हायटीने त्याला एका दांडग्या पोराच्या तावडीतून सोडवले. गल्लीतल्या लहान मुलाच्या मनात अशा गोष्टींनी जे दैवत बसते ते सहसा उठत नाही.

त्या वेळी व्हायटीचे नाव पोलिसांच्या वहीत चढून पाच वर्षे झाली होती. चौदाव्या वर्षी चोरीसाठी पहिली अटक. पुढे हवाई दलात काही वर्षे, तिथेही शिक्षा. १९५६ मध्ये बँकांवरील दरोड्यांसाठी वीस वर्षांची कैद. अटलांटाच्या तुरुंगात असताना कैद्यांवर एलएसडी या भ्रम उत्पन्न करणाऱ्या द्रव्याचे प्रयोग चालले होते, त्यांत शिक्षेत सूट मिळावी म्हणून त्याने स्वतःला दाखल केले. हे प्रयोग सरकारी हेरखात्याच्या प्रेरणेने होत होते, ही गोष्ट नंतर उघड झाली. तिथून अल्काट्राझच्या कुप्रसिद्ध तुरुंगात. १९६५ साली तो सुटला आणि आईच्या घरी ओल्ड हार्बरला परतला.

तोवर धाकटा भाऊ आमदार झाला होता. बिलची वाट ग्रंथांमधून गेली. येशूसंघीयांच्या बोस्टन कॉलेज हायस्कूलमध्ये, मग त्यांच्याच बोस्टन कॉलेजमध्ये, मधे सैन्यात नोकरी, आणि शेवटी तिथलेच कायद्याचे शिक्षण. ग्रीक आणि लॅटिन अभिजात वाङ्मयाची गोडी त्यांना लागली ती कायमची. सार्वजनिक भाषणात लॅटिन वचन पेरणारा राजकारणी हा अमेरिकेत दुर्मीळच. १९६० साली ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. १९७० साली त्यांना राज्याच्या सिनेटमध्ये जागा मिळाली. ती जागा रिकामी केली होती जो मोकली यांनी, काँग्रेसची निवडणूक लढवण्यासाठी. वस्तीतला थोरला पुढच्या पायरीवर चढला, धाकट्याने त्याच्या जागी पाय ठेवला. १९७८ पासून १९९६ पर्यंत विल्यम बल्जर त्या सिनेटचे अध्यक्ष होते. त्या राज्याच्या इतिहासात हे पद इतका दीर्घकाळ कोणीही भूषवलेले नाही. नऊ मुलांचे सुखी कुटुंब, सेंट पॅट्रिकच्या सणाची त्यांची ती प्रसिद्ध न्याहारी, गरीब मतदाराच्या दारात स्वतः जाण्याची सवय. धर्मग्रामाने ज्याचा अभिमान धरावा असा हा माणूस, आणि वस्तीने तो धरलाही.

कॉनोलीला शिक्षणाकडे वळवण्यात बिलचा मोठा वाटा होता. तोही बोस्टन कॉलेजला गेला आणि १९६८ साली एफबीआय या मध्यवर्ती तपासखात्यात दाखल झाला. १९७३ मध्ये त्याची बदली बोस्टनला झाली. खात्याला त्या काळी एकच ध्यास होता, तो म्हणजे इटालियन माफियाचे कंबरडे मोडणे. त्यासाठी आतल्या गोटातले खबरे हवे होते. १९७५ साली समुद्रकिनाऱ्यावर उभ्या केलेल्या मोटारीत कॉनोलीने आपल्या बालपणीच्या दैवताची भेट घेतली आणि त्याला खात्याचा खबऱ्या केले.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्या वस्तीत खबऱ्याचे तोंड पाहणे पाप, त्या वस्तीचा दादा स्वतःच खबऱ्या होता, आणि ही गोष्ट वस्तीला वीस वर्षे माहीत नव्हती. व्हायटी आपल्या प्रतिस्पर्ध्यांची माहिती सरकारला देई आणि सरकार त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राही. खंडणी, जुगार, सावकारी, खून. लोक म्हणत, तो आपल्या वस्तीत अंमली पदार्थ येऊ देत नाही. वस्तुस्थिती अशी होती की साउथ बोस्टनमध्ये कोकेन विकणाऱ्यांकडून तो हप्ता घेत होता. मायकल पॅट्रिक मॅकडोनल्ड या लेखकाने आपल्या कुटुंबातल्या भावंडांची वाताहत १९९९ साली ‘ऑल सोल्स’ या आत्मकथनात मांडली आहे. शेजारच्याच ओल्ड कॉलनी वसाहतीत तो वाढला. दफनविधींची रांग लागली होती. पण कोणी कोणाविरुद्ध बोलत नव्हते. अकरावी आज्ञा पाळली जात होती.

१९८२ च्या सुरुवातीला टोळीशी संबंधित एक इसम एफबीआयकडे जाऊन सांगू लागला की अमक्या खुनामागे व्हायटी आहे. ११ मे रोजी संध्याकाळी साउथ बोस्टनच्या धक्क्यावर, तो मोटारीत बसला असताना, त्याच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. मोटार चालवणारा त्याचा एक परिचित होता. ट्रकचालक, तीन मुलांचा बाप, टोळीशी काडीचा संबंध नसलेला. त्याने केवळ घरापर्यंत सोडतो म्हटले होते. तोही मेला. पुढे २००९ साली एका न्यायाधीशाने या दोन्ही कुटुंबांना भरपाई मंजूर केली, कारण सरकारच्याच खात्यातून गुन्हेगाराला बातमी गेली होती. २०११ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण काय, तर दावा दाखल करायला उशीर झाला! ज्या गोष्टी सरकारनेच दडवून ठेवल्या त्या वेळेवर का कळल्या नाहीत, असा हा सवाल. कायद्याचा अभ्यास मी केलेला नाही. परंतु न्याय आणि निकाल हे दोन शब्द वेगळे का आहेत हे समजायला तेवढा पुरे.

वस्तीच्या निष्ठेची दुसरी कसोटी १९७४ साली लागली, आणि तीही येथे सांगितली पाहिजे. त्या वर्षी न्यायाधीश गॅरिटी यांनी निकाल दिला की बोस्टनच्या शाळांमध्ये काळ्या मुलांना हेतुपुरस्सर वेगळे ठेवले जात आहे. उपाय म्हणून मुलांची बसने अदलाबदल करण्याचा हुकूम झाला. १२ सप्टेंबर रोजी रॉक्सबरी भागातील काळी मुले घेऊन आलेल्या बसगाड्यांवर साउथ बोस्टनमध्ये दगड पडले. दगड मारणाऱ्यांत रविवारी मिस्सेला येणारी माणसे होती. गरिबांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. शहराबाहेरच्या टुमदार घरांत राहणाऱ्यांची मुले बसमध्ये बसत नव्हती. एका गरीब वस्तीची मुले दुसऱ्या गरीब वस्तीत पाठवून समता आणण्याचा तो प्रयोग होता. बिल बल्जर यांनी या हुकुमाला ठाम विरोध केला आणि वस्तीने त्यांना डोक्यावर घेतले. बोस्टनचे कार्डिनल मेदेरोस हे अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज, स्वतः स्थलांतरित. कॅथलिक शाळांनी या हुकुमातून पळ काढणाऱ्यांना आसरा देऊ नये, अशी त्यांनी भूमिका घेतली. वस्तीने त्यांना परके ठरवले. ज्या लोकांच्या आजोबांना बोस्टनने परके म्हटले होते, त्यांनीच हे करावे ही इतिहासाची मोठी केविलवाणी जागा आहे. परंतु बसच्या काचेआडून दगड पाहणाऱ्या मुलापुढे वस्तीच्या गाऱ्हाण्यांचा पाढा वाचता येत नाही, हेही तितकेच खरे.

आता जो मोकली. पंधराव्या वर्षी, वय वाढवून सांगून, ते आरमारात शिरले आणि दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये होते. परतल्यावर रात्रीच्या वर्गात कायदा शिकले. १९७२ साली काँग्रेसवर निवडून आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. मोठा वक्ता नव्हे, विद्वान नव्हे. मतदारसंघातला रस्ता, पूल, म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन, अशा कामांत रमणारा माणूस. परराष्ट्र धोरणाशी त्यांचा संबंध आला तो १९८३ मध्ये. त्यांच्या मतदारसंघातील जमैका प्लेन भागात राहणारे एल साल्वादोरचे काही निर्वासित त्यांना भेटायला आले. मध्य अमेरिकेतल्या त्या चिमुकल्या देशात यादवी चालू होती. १९८० साली आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना वेदीपाशी गोळी घालण्यात आली होती. तिथल्या सरकारला शस्त्रे आणि पैसा पुरवत होती अमेरिका. परत पाठवले तर आम्ही मरू, असे ते निर्वासित सांगत होते. मोकलींनी त्यांच्यासाठी विधेयक आणले. ते संमत व्हायला सात वर्षे लागली. १९९० साली साल्वादोरच्या निर्वासितांना तात्पुरते संरक्षण मिळाले.

दरम्यान १६ नोव्हेंबर १९८९ ची रात्र आली. सान साल्वादोरमधील येशूसंघीयांच्या मध्य अमेरिकन विद्यापीठात सैनिक शिरले. कुलगुरू इग्नासियो एलाकुरिया, इग्नासियो मार्टिन-बारो, सेगुंदो मोंतेस, अमांदो लोपेझ, हुआन रामोन मोरेनो आणि होआकिन लोपेझ इ लोपेझ हे सहा धर्मगुरू मारले गेले. स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची किशोरवयीन मुलगी सेलिना यांनाही सोडले नाही, कारण साक्षीदार मागे ठेवायचे नव्हते. मारणारी तुकडी अमेरिकेने प्रशिक्षित केलेली होती. लष्कराने गवगवा केला की हे बंडखोरांचे कृत्य आहे.

सभापती टॉम फोली यांनी चौकशीसाठी काँग्रेस सदस्यांची समिती नेमली आणि तिचे प्रमुखपद मोकलींना दिले. ते साल्वादोरला गेले, पुन्हा गेले. तिथे त्यांच्यापुढे भिंत उभी होती, आणि माझा तर्क आहे की ती भिंत त्यांनी पाहताक्षणी ओळखली असावी. सैन्यातील वरचे बहुतेक अधिकारी लष्करी विद्यालयाच्या १९६६ च्या एकाच तुकडीतून बाहेर पडलेले होते. या तुकडीला तिथे ‘तांदोना’, म्हणजे मोठी तुकडी, म्हणत. तरुणपणीचे मित्र. एकाने चूक केली तर बाकीच्यांनी पांघरूण घालायचे, कोणी कोणाविरुद्ध बोलायचे नाही. ओल्ड हार्बरच्या अंगणात शिकलेला नियम येथे गणवेश घालून बसला होता.

३० एप्रिल १९९० च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटले की तपास दडपला जात आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने साल्वादोरची लष्करी मदत निम्म्यावर आणली. सप्टेंबर १९९१ मध्ये एक कर्नल आणि एक लेफ्टनंट दोषी ठरले. आपल्या देशात लष्करी अधिकाऱ्याला अशा खुनासाठी दोषी धरल्याचे साल्वादोरच्या लोकांनी यापूर्वी पाहिलेच नव्हते. तरी मोकली थांबले नाहीत. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांनी जाहीर निवेदन केले की हुकूम वरून, सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या बैठकीतून आला होता. हे त्यांना कळले कसे? तर मौन मोडायला तयार झालेल्या आतल्या माणसांकडून. खबऱ्यांकडून म्हणा ना! ज्या वस्तीत हा शब्द थुंकून उच्चारला जाई, त्या वस्तीच्या मुलाने खबर देणाऱ्याचे धैर्य ओळखले आणि त्याचे नाव जपले. जानेवारी १९९२ मध्ये शांतता करार झाला. मार्च १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने मोकलींचे म्हणणे खरे ठरवले. लगेच सर्वक्षमेचा कायदा झाला आणि दोघे कैदी सुटले, हा भाग वेगळा. २०२० साली स्पेनच्या न्यायालयाने त्या बैठकीतील एक अधिकारी, कर्नल मोंतानो, याला पाच स्पॅनिश धर्मगुरूंच्या खुनांसाठी १३३ वर्षांची शिक्षा दिली.

मोकलींचे म्हणणे ‘आपली माणसे’ या शब्दांच्या विरोधात नव्हते. वस्ती त्यांनी कधीही सोडली नाही. राहायला ते साउथ बोस्टनमध्येच होते. एल्बा नावाची स्वयंपाकीणही त्या शब्दांत बसते, एवढेच त्यांनी मानले. व्हायटीने आठ वर्षांच्या जॉनला जो प्रश्न विचारला होता, मी परका कसा, तोच प्रश्न जमैका प्लेनचे निर्वासित मोकलींच्या कार्यालयात घेऊन आले होते. फरक इतकाच की त्यांच्याजवळ आयरिश आईबाप नव्हते.

फेब्रुवारी २००१ मध्ये मोकलींनी आपल्याला असाध्य रक्तकर्करोग झाल्याचे जाहीर केले. २८ मे रोजी ते निवर्तले. सेंट ब्रिजिड चर्चमधील अंत्यविधीला राष्ट्राध्यक्ष बुश आणि माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन दोघेही उपस्थित होते. त्यापूर्वी महिनाभर आधी बोस्टनच्या धक्क्यावरील नव्या मध्यवर्ती न्यायालयाला त्यांचे नाव देण्यात आले होते. १९८२ साली ते दोघे जिथे मारले गेले, ती जागा तिथून जवळच आहे.

बाकीच्या तिघांचा हिशेब आता लवकर होतो. डिसेंबर १९९४ मध्ये व्हायटीवर आरोपपत्र ठेवले जाणार होते. कॉनोली निवृत्त झाला होता, पण खात्यात त्याचे कान होते. त्याने इशारा दिला आणि व्हायटी पळाला. मे २००२ मध्ये कॉनोली दोषी ठरून दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. २००९ साली फ्लोरिडातील एका खुनाच्या संदर्भात त्याला आणखी चाळीस वर्षे झाली. वरिष्ठांना जे हवे होते तेच मी केले, हे त्याचे म्हणणे कायम राहिले, आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. वरिष्ठांपैकी फारच थोड्यांना काही भोगावे लागले. २०२१ साली आजारपणामुळे त्याला घरी सोडण्यात आले.

बिल बल्जर १९९६ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे अध्यक्ष होते. जून २००३ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी कबूल केले की फरारी भावाशी जानेवारी १९९५ मध्ये आपले एकदा दूरध्वनीवर बोलणे झाले होते. त्याला शरण ये म्हणून आग्रह त्यांनी केला नव्हता. भावाला पकडून देणे हे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटले नव्हते. त्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नाही, कसला आरोपही ठेवला गेला नाही. मला या चौघांत सर्वांत अवघड वाटतो तो हाच माणूस. सख्ख्या भावाला पोलिसांच्या हवाली करा, असे मी पापनिवेदनगृहात बसून किती सहज सांगू शकेन? आणि तरीही त्या सोळा वर्षांत ज्यांच्या घरी रिकामी खुर्ची होती, त्यांनाही भाऊ होतेच. बिलना लॅटिन येत होते, ग्रीक येत होते. शोकांतिका काय असते हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत असणार.

याच बोस्टनमध्ये, याच २००२ साली, धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची आणि ते वरिष्ठांनी वर्षानुवर्षे दडपल्याची हकीकत वृत्तपत्रांनी उघड केली. डिसेंबरमध्ये कार्डिनल लॉ यांनी राजीनामा दिला. साउथ बोस्टनच्या मौनाबद्दल लिहिताना हे न लिहिणे मला धर्मगुरू म्हणून शोभले नसते. अकरावी आज्ञा फक्त गल्लीतच पाळली जात होती असे नाही.

जून २०११ मध्ये व्हायटी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे सापडला. वय ८१. घराच्या भिंतींत आठ लाखांहून अधिक डॉलर आणि तीस बंदुका दडवलेल्या होत्या. २०१३ साली त्याचा खटला चालला तो जॉन जोसेफ मोकली न्यायालयात. एकाच वसाहतीतली दोन मुले अशी पुन्हा एका छताखाली आली, एक दारावरच्या नावाच्या रूपाने आणि एक आरोपीच्या खुर्चीत. त्याच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी खंडणी, जुगार आणि अंमली पदार्थांचा धंदा ही कृत्ये जवळजवळ मान्य करून टाकली. एका गोष्टीवर मात्र आरोपी शेवटपर्यंत हटून बसला: मी खबऱ्या नव्हतो. अकरा खुनांतील सहभाग शाबीत झाला, त्यांत त्या ट्रकचालकाचाही खून होता. दोन जन्मठेपांची शिक्षा झाली. त्या माणसाला आयुष्याच्या अखेरीस कोणत्या शब्दाची लाज वाटत होती ते मात्र पाहावे.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील तुरुंगात, तिथे नेल्यानंतर काही तासांतच, इतर कैद्यांनी त्याला ठार केले. वय ८९ होते. पुढच्या महिन्यात ओल्ड हार्बरसमोरच्या सेंट मोनिका चर्चमध्ये मोजक्या माणसांच्या उपस्थितीत त्याच्यासाठी अंत्यविधीची मिस्सा झाली. चौऱ्याऐंशी वर्षांचे बिल हजर होते. ख्रिस्तसभा आपल्या दारी आणलेल्या मृतदेहासाठी प्रार्थना करते, आणि मला विचाराल तर तिने केली हे योग्यच झाले. त्याला आईवडिलांच्याच थडग्यात ठेवण्यात आले.

त्याच्या टोळीने मारून पुरलेल्या तिघांचे अवशेष एका रस्त्यालगतच्या जमिनीतून जानेवारी २००० मध्ये उकरून काढण्यात आले होते. त्यांना मरून तेव्हा पंधरा वर्षे आणि त्याहून अधिक काळ लोटला होता. तोपर्यंत त्यांच्या घरच्यांना मेणबत्ती लावायला थडगेही नव्हते.